बारा हजारांचे फर्मान

अधिकार मनुष्यास कितपत पचतो हे पाहावयाचे असल्यास त्याच्या हाती एखादी जहागीर, मामलत किंवा निदान सहकारी गृहसंस्थेचे अध्यक्षपद देण्याचे काहीच कारण नाही. संगणकाच्या पडद्यावर एक लहानशी चौकट त्याच्यापुढे मांडावी, तीत ३,००० हा आकडा आधीच लिहून ठेवावा, आणि 'हा खोडून आपणास रुचेल तो आकडा घालावा, म्हणजे आपले काम त्या मानाने शीघ्र होऊ लागेल' एवढे आश्वासन त्यास द्यावे, की त्याच्या प्रकृतीतील जे जे राजस ते सर्व क्षणार्धात प्रकट होते. उपाहारगृहातील पोऱ्याला 'चहात साखर कमी' असे सांगतानाही ज्याचा स्वर विनंतीची पट्टी सोडून आज्ञेच्या पट्टीत कधी चढत नाही, असा सौजन्यशील गृहस्थ त्या चौकटीपुढे बसताच ताठ होतो, ओठ आवळतो, १२,००० असा आकडा लिहितो, आणि आपल्या एका हुकुमासरशी कोठे तरी दूर यंत्रांची पळापळ सुरू झाली असावी अशा समाधानाने खुर्चीस पाठ टेकतो.

ही चौकट म्हणजे क्लाउडवरील मॅनेज्ड डेटाबेसच्या स्टोरेजचा वेग ठरविणारी चौकट होय. मी स्वतः अभियंता नव्हे. पुण्यातील एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीचा जमाखर्च सांभाळणे हा माझा व्यवसाय. परंतु बिलातील प्रत्येक ओळीचा जाब विचारल्याखेरीज सही करावयाची नाही, ही खोड मला जुन्या खतावणीच्या दिवसांपासून जडलेली असल्यामुळे, दरमहा डॉलरांत येणाऱ्या क्लाउडच्या बिलावर मी ज्या शंका काढीत आलो, आणि त्या शंकांचे निरसन करण्यापेक्षा माझे तोंड बंद व्हावे या हेतूने आमच्या तरुण अभियंत्यांनी जी जी उत्तरे दिली, त्यांतूनच या शास्त्रातील माझे यथामति अध्ययन झालेले आहे. 'ते तुम्हाला नाही कळायचं' हे उत्तर मिळाले की मी सही लांबणीवर टाकीत असे, आणि सही लांबली की ज्ञान आपोआप चालत येत असे. गुरूस दक्षिणा अगोदर द्यावी की मागाहून, याविषयी शास्त्रकारांत मतभेद असतील. अडवून धरलेल्या दक्षिणेइतके विद्यादानास प्रवृत्त करणारे दुसरे काही नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

पूर्वी डिस्क ही डोळ्यांना दिसणारी, हाताला लागणारी आणि पायावर पडल्यास आठवणीत राहणारी वस्तू होती. १९५६ साली आयबीएमने आपल्या रॅमॅक या यंत्राबरोबर जी डिस्क बाजारात आणली, तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या ५० चकत्या एका दांड्यावर फिरत असत. सुमारे एक टन वजनाच्या त्या धुडात ५० लाख अक्षरे मावत, आणि त्यांतील हवी ती नोंद हुडकून काढावयास सरासरी सहा दशांश सेकंद लागत असे. म्हणजे सेकंदाला धड दोन नोंदीही नव्हेत. तथापि त्या काळातील कारकुनांनी याबद्दल खळखळ केल्याचे वाचनात नाही. एक तर त्यापूर्वी तीच नोंद छिद्रांकित कार्डांच्या गठ्ठ्यांतून काढावी लागत असे, आणि दुसरे म्हणजे खोडून दुसरा आकडा लिहिण्याजोगी चौकटच त्या यंत्रावर नव्हती. मनुष्याचा असंतोष हा बव्हंशी त्यास उपलब्ध असलेल्या चौकटींच्या प्रमाणात वाढतो, असे माझे मत होत चालले आहे.

पुढे ऑक्टोबर २००९ मध्ये अॅमेझॉनने आरडीएस नावाची सेवा सुरू केली, आणि डिस्कचा व डिस्कवाल्याचा संबंध कायमचा तुटला. दप्तर आपले, परंतु ते ठेवावयाची कोठी परक्याची. कुलूप त्याचे, पहारा त्याचा, रात्री-अपरात्री चकती बिघडली तर उठावयाचे तेही त्यानेच, आणि आपण फक्त भाडे मोजावयाचे व पडद्यावरील चौकटी भरावयाच्या, असा हा तहनामा. जून २०१६ पासून ही कोठी मुंबईतही उघडली आहे. त्यामुळे आमच्या कचेरीतील मंडळी 'डेटा मुंबईला आहे' असे अशा आपुलकीने म्हणतात, की जणू तो नोकरीनिमित्त तेथे राहतो आणि गणपतीला घरी येणार आहे. ती इमारत नेमकी कोणत्या रस्त्यावर आहे हे कोणी विचारीत नाही, व विचारल्यास कोणी सांगत नाही. स्वामित्वाचे असे सर्व भोग आणि ताप काढून घेतल्यावर मालकाचा जीव रमावा म्हणून जे थोडे अधिकार त्याच्यापाशी ठेवले गेले, त्यांत डिस्कचा वेग ठरविण्याचा अधिकार अग्रगण्य होय.

हा वेग दोन मापांनी मोजतात. डिस्कने एका सेकंदात किती वेळा वाचावे अथवा लिहावे त्या संख्येस आयऑप्स, आणि एका सेकंदात एकूण किती मजकूर वाहून न्यावा त्या मापास थ्रूपुट म्हणतात. या दोहोंतील भेद व्यवस्थापनाच्या बैठकीत कोणी विचारात घेतल्याचे मी पाहिलेले नाही. आयऑप्स हा उच्चारावयास अधिक भारदस्त असल्याने चर्चा नेहमी त्याचीच होते.

२०१४ साली प्रचारात आलेल्या 'जीपी-टू' या जातीच्या डिस्कचा जाबता हिशेबनिसाच्या दृष्टीने विशेष रमणीय आहे. प्रत्येक जीबीमागे ३ आयऑप्स, असा तिचा मूळ दर. म्हणजे १०० जीबीची डिस्क घेणाऱ्यास सेकंदाला ३०० आयऑप्सचा हक्क प्राप्त होतो. परंतु एवढ्यावर नव्या गिऱ्हाईकाचे मन विटेल हे जाणून त्या योजनाकारांनी अशी तजवीज केली, की डिस्क जन्मास येते त्याच क्षणी तिच्या खात्यावर ५४ लाख आयऑप्सची शिल्लक जमा असावी, आणि ती संपेपर्यंत धन्यास सेकंदाला ३,००० पर्यंत खर्च करण्याची मुभा असावी. आता सेकंदाला ३,००० खर्च आणि ३०० जमा, म्हणजे निव्वळ २,७०० घट. या गतीने ५४ लाखांची पुंजी २,००० सेकंदांत, म्हणजे सुमारे ३३ मिनिटांत आटोपते. ती पुन्हा पूर्ववत भरावयाची असेल तर ३०० च्या दराने बरोबर पाच तास लागतात, आणि तेही त्या पाच तासांत डिस्कला कोणी कवडीचे काम सांगितले नाही तरच. अर्ध्या तासाची चैन आणि पाच तासांचे उपोषण, असे हे व्रत असून, वतनदार घराण्यांच्या इतिहासात याच धर्तीचे जमाखर्च पुष्कळ सापडतील. फरक इतकाच की त्यांची शिल्लक पाच तासांनी पुन्हा भरत नसे.

या योजनेचा परिणाम असा होतो, की नवा डेटाबेस गिऱ्हाइकास दाखविण्याच्या दिवशी हरिणासारखा धावतो. प्रात्यक्षिक हे सहसा अर्ध्या तासाचे असते. त्या अर्ध्या तासात मंडळी ज्या ज्या बटणास हात लावतात ते ते बटण तत्परतेने उत्तर देते, गिऱ्हाईक प्रसन्न होते, करारावर सह्या होतात, पेढे येतात. आणि पेढे खाऊन झाल्यावर खरोखरीचे काम चालू झाले म्हणजे ती ५४ लाखांची शिल्लक गुपचूप खालावत जाऊन, साधारणतः दुपारच्या जेवणाच्या सुमारास, डेटाबेस आपल्या मूळच्या ३०० या स्वधर्मावर येऊन ठेपतो. त्या क्षणी कोणतीही घंटा वाजत नाही. शिल्लक किती टक्के उरली हे दाखविणारा तक्ता असतो, परंतु काम चालू असता तक्ता पाहावा ही बुद्धी होत नाही, आणि काम थांबल्यावर तो पाहून उपयोग नसतो.

यावर चतुर मंडळींनी जो तोडगा काढला तो खास आपल्या देशी हिकमतीत शोभण्यासारखा असला, तरी जगभर सर्वत्र तोच निघाला. वेग जागेच्या प्रमाणात मिळतो ना, मग जागाच अधिक घ्यावी! सामान ४० जीबीचे, परंतु ३,००० आयऑप्स अखंड हवेत म्हणून कोठी १,००० जीबीची, असे संसार थाटले गेले. उरलेले ९६० जीबी रिकामे का, असा प्रश्न मी एकदा विचारला असता 'ते जागेसाठी नाही, स्पीडसाठी आहेत' असे उत्तर मिळाले, आणि रिकाम्या जागेने वेग वाढतो हे तत्त्व शहराच्या रस्त्यांखेरीज अन्यत्रही लागू पडते याचा मला प्रथमच बोध झाला.

डिसेंबर २०२० मध्ये 'जीपी-थ्री' ही नवी जात आली आणि नोव्हेंबर २०२२ पासून ती आरडीएसलाही मिळू लागली. तिने उसनवारीचा हा सारा व्यवहार बरखास्त केला. डिस्क लहान असो वा मोठी, ३,००० आयऑप्स आणि सेकंदाला १२५ एमबी इतका थ्रूपुट तिला कायमचा, शिल्लक नाही की तूट नाही. मात्र कोणतीही सुधारणा एखादे चमत्कारिक कलम पोटात घेतल्यावाचून अमलात येत नसते. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसांपुरते ते कलम असे, की ४०० जीबीच्या खालील डिस्कला ३,००० चा आकडा बदलताच येत नाही, आणि ४०० पूर्ण होताच तोच आकडा, अधिक पैसे न मागता, एकदम १२,००० होतो व थ्रूपुट ५०० एमबी होतो. ३९९ जीबीवाल्याने कितीही आर्जव केले तरी त्यास वरची पायरी नाही. ४०० वाल्यास ती अनायासे आहे, आणि तेथून पुढे पैसे टाकल्यास ६४,००० पर्यंत जिना मोकळा आहे. याचे कारण मात्र अगदी सरळ आहे: चारशेच्या पुढे ही सेवा आपले सामान एका डिस्कऐवजी चार डिस्कांवर वाटून ठेवते, आणि ज्या पंगतीत एकच वाढपी श्रीखंडाचे पातेले घेऊन फिरत होता तीत एकाएकी चार वाढपी उतरावेत तसा प्रकार होतो. पदार्थ तोच आणि पानेही तितकीच.

आमच्या कंपनीत हे कलम अमलात आले त्या प्रसंगाचे वर्णन करणे आता प्राप्त आहे. आमचा एक ग्राहक आपल्या गिऱ्हाइकांची जुनी बिले शोधताना वैतागून गेला होता. एक नाव टाकावे, आणि चहा पिऊन परत यावे तो उत्तर येत असावे. त्याचे पत्र आले, पत्रापाठोपाठ फोन आला, फोनपाठोपाठ आमचे व्यवस्थापक आले, आणि त्यांच्या मागोमाग सर्वजण बैठकीच्या खोलीत गेले. 'डेटाबेस स्लो आहे' या निदानावर क्षणभरही मतभेद झाला नाही. आयऑप्स किती वाढवावेत, एवढाच काय तो प्रश्न उरला. प्रारंभी 'आयओ-वन' या राजेशाही जातीच्या डिस्कचा प्रस्ताव आला. तीत जितके आयऑप्स राखून ठेवावेत तितक्यांचे भाडे, ते वापरा अथवा न वापरा, द्यावे लागते. व्हर्जिनिया येथील दर एका आयऑप्सला महिना दहा सेंट, म्हणजे दहा हजारांना महिना एक हजार डॉलर, आणि शेजारी दुसरी राखीव प्रत ठेवल्यास त्याच्या दुप्पट. मुंबईचा दर निराळा आहे, परंतु हा गुणाकार मी बैठकीत मोठ्याने केल्यावर मुंबईच्या दराची चौकशी करण्याचा उत्साह कोणात उरला नाही. मग १०० जीबीच्या जीपी-टू डिस्कची ४०० जीबीची जीपी-थ्री करावी, असा ठराव सर्वानुमते संमत झाला.

सर्वानुमते म्हणताना एक अपवाद करावयास हवा. दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेली एक मुलगी खोलीच्या दाराशी बसली होती. ती म्हणाली, "सर, ती क्वेरी एकदा बघायची का? मला वाटतं इंडेक्स नाहीये."

"अगं, क्वेरी नंतर बघू," व्यवस्थापक म्हणाले. "क्लायंट ओरडतोय. आधी आयऑप्स वाढव."

बदल नोंदविताना ती सेवा अखेरचा एक प्रश्न विचारते: हा बदल तात्काळ लागू करावा, की आठवड्यातील नेमलेल्या देखभालीच्या अर्ध्या तासात? या अर्ध्या तासाविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. ती वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत लिहिलेली असते, आणि आपण तिच्याहून साडेपाच तास पुढे; त्यामुळे रविवारी पहाटे ०३:०० असे लिहून जो निश्चिंत झोपतो, त्याच्या डेटाबेसची देखभाल रविवारी सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे सारे कुटुंब पोह्यांवर बसलेले असता, सुरू होते. आमच्या मंडळींनी हा विकल्प तुच्छतेने बाजूस सारला. ज्याच्या अंगी फर्मान काढण्याचा आवेश संचारला आहे, तो ते रविवारपर्यंत तहकूब ठेवील हे संभवनीय नव्हते. 'तात्काळ' या पर्यायावर खूण करण्यात आली.

परंतु 'तात्काळ' या आज्ञेचा नियमावलीतील अर्थ असा आहे, की नव्या बदलाबरोबर मागे तहकूब होऊन पडलेले सर्व बदलही त्याच क्षणी मंजूर समजावेत. त्याच आठवड्यात नोकरी सोडून गेलेल्या कोणा एका अभियंत्याने, डेटाबेसची आवृत्ती वाढविण्याचा अर्ज 'पुढे पाहू' म्हणून त्या रांगेत ठेवलेला होता. एका सहीत दोन्ही अर्ज निकालात निघाले. सकाळी अकरा वाजता, ग्राहकांची वर्दळ ऐन भरात असता, डेटाबेस आवृत्ती बदलावयास गेला, आणि तो परत येईपर्यंतच्या काही मिनिटांत आमच्या व्यवस्थापकांनी आयऑप्स या विषयावर जे मौन धारण केले ते मी त्यापूर्वी कधी अनुभवले नव्हते. शिरस्तेदाराच्या मेजावरील गठ्ठ्यात सर्वांत वरच्या कागदाखाली आणखी काय काय दडलेले आहे हे न पाहता सही ठोकण्याची चाल ब्रिटिश अमदानीत बुडाली, अशी माझी समजूत होती; ती निराधार ठरली.

डेटाबेस परत आला आणि त्याच्या नावापुढे 'स्टोरेज ऑप्टिमायझेशन' अशी पाटी झळकू लागली. ही अवस्था मोठी चिंतनीय आहे. डेटाबेस चालू असतो, वाचतो, लिहितो. परंतु पडद्याआड त्याचे सारे सामान एका डिस्कवरून चार डिस्कांवर हलविले जात असते, आणि ते केव्हा संपेल याचा मुहूर्त कोणी सांगत नाही. कित्येक तास लागू शकतात. याहून महत्त्वाचे असे, की एकदा स्टोरेजमध्ये फेरफार केला की पुढचे सहा तास, किंवा ते हलवाहलवीचे काम पुरे होईपर्यंत, यांतील जी मुदत अधिक असेल तोवर, स्टोरेजला पुन्हा हात लावण्यास सक्त मनाई आहे. चौकट दिसते, आकडाही दिसतो. परंतु फर्मान स्वीकारले जात नाही. सहा तासांपूर्वी जो सरदार होता तो आता दरबाराबाहेर ताटकळणारा वकील झालेला असतो.

जागा वाढविता येते, कमी मात्र करता येत नाही, हेही याच सुमारास मंडळींच्या ध्यानी आले. ४०० जीबी घेतले म्हणजे घेतले. ते आकसावयाचे झाल्यास शेजारी नवा लहान डेटाबेस उभारून सर्व बिऱ्हाड तिकडे हलवावे लागते. इतकेच नव्हे, तर २०१९ पासून अशीही सोय झाली आहे, की मोकळी जागा दशमांशाहून खाली जाऊन पाच मिनिटे तशीच राहिली, तर डिस्क स्वतःच वाढावी. ठरविलेल्या कमाल मर्यादेच्या आत ती वाढ कोणास न विचारता होते, हिशेबनिसास तर नाहीच नाही. आणि तिलाही सहा तासांचे ते बंधन लागू आहे, एवढेच काय ते समाधान. वाढण्यास मुभा आणि घटण्यास मज्जाव हे तत्त्व मी आजवर केवळ सरकारी खात्यांच्या अंदाजपत्रकांत पाहिले होते.

सहा तास सक्तीची फुरसत मिळाल्यावर माणसे काय करतात? प्रथम ती पडदा ताजा करून पाहतात. मग एकमेकांच्या मेजावर जाऊन तोच पडदा पाहतात. मग चहा होतो. आणि अखेरीस, करण्यासारखे दुसरे काहीच शिल्लक न राहिल्यामुळे, ती विचार करू लागतात. दुपारी दोनच्या सुमारास त्या दाराशी बसलेल्या मुलीच्या पाठीशी पाच-सहाजण उभे होते आणि ती क्वेरी एकदाची पाहिली जात होती.

प्रथम असे निघाले, की ज्या यंत्रावर डेटाबेस चालतो ते 'एम-फाइव्ह लार्ज' जातीचे असून त्याची स्वतःची अखंड झेप ३,६०० आयऑप्सची आणि सेकंदाला सुमारे ८१ एमबीची आहे. दिवसातून अर्धा तास ते १८,७५० पर्यंत उसळी मारू शकते, नंतर पुन्हा आपल्या जागी येते. म्हणजे डिस्कने १२,००० चा पूर आणला, तरी यंत्राच्या दारातून आत शिरणार ३,६००. हा आकडा त्या सेवेच्या कोष्टकात सर्वांस वाचता येईल असा छापलेला आहे. परंतु ते कोष्टक निराळ्या पानावर आहे आणि तेथे भरावयास चौकट नाही.

त्याहून मूलगामी शोध नंतर लागला. बिलांचे कोष्टक ४० जीबीचे. पोस्टग्रेस आपला मजकूर आठ केबीच्या पानांत ठेवतो. त्या हिशेबाने ही सुमारे ५२ लाख पाने झाली. गिऱ्हाइकाच्या नावावर इंडेक्स नसल्यामुळे एका नावाची चार बिले काढण्यासाठी तो बिचारा दर वेळी ५२ लाख पाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचीत होता, आणि यंत्राची स्मृती अवघी ८ जीबी असल्याने वाचलेले लक्षात ठेवण्याचीही त्यास सोय नव्हती. सेकंदाला १२५ एमबीच्या वेगाने हे पारायण साडेपाच मिनिटांत होते. नव्या ५०० एमबीच्या वेगाने, यंत्राची अर्ध्या तासाची उसळी शिल्लक असेल तोवर, ते दीड मिनिटाच्या आत होईल; ती उसळी संपली की ८१ एमबीच्या हिशेबाने जवळजवळ नऊ मिनिटे लागतील. इंडेक्स असल्यास तीन-चार पाने उलटून नाव सापडते, आणि बिलांची पाने मिळून एकूण वाचन दहा-वीस पानांच्या वर जात नाही.

लिहिणाऱ्यांस न अडविता इंडेक्स उभारण्याची पोस्टग्रेसमध्ये सोय आहे, आणि स्टोरेजचे बंधन इंडेक्सला लागू नाही. मुलीने एक ओळ लिहिली. इंडेक्स तयार व्हावयास काही वेळ गेला. त्यानंतर नाव टाकून बटण दाबले, आणि उत्तर इतक्या झटकन आले की काही तरी चुकले असावे या शंकेने व्यवस्थापकांनी दुसरे नाव टाकून पाहिले. डिस्कचे ऑप्टिमायझेशन तेव्हाही चालूच होते. रात्री केव्हा तरी ते पुरे झाले. पाहावयास कचेरीत कोणी नव्हते.

ग्राहकास दुसऱ्या दिवशी 'स्टोरेजची क्षमता चौपट केल्याने प्रश्न सुटला आहे' असे कळविण्यात आले. हे वाक्य खोटे आहे असे मी म्हणत नाही. क्षमता चौपट झाली होती आणि प्रश्नही सुटला होता. मुलीच्या वार्षिक मूल्यमापनात 'पुढाकार घेण्यास वाव आहे' असा शेरा पडला. ४०० जीबीचे भाडे तेव्हापासून दरमहा बिलात येते, आत सामान ६० जीबीच्या आसपास आहे, आणि मी प्रत्येक महिन्यास जाब न विचारता त्या ओळीवर सही करतो, कारण उत्तर मला ठाऊक आहे.

तथापि साऱ्या नियमावलीत माझ्या मनास खरोखर पटलेले असे एकच कलम आहे, आणि ते सहा तासांच्या मनाईचे. त्या मुदतीत आमच्या कंपनीत जितका विचार झाला तितका एरवी सहा महिन्यांत होत नाही. म्हणून त्या सेवेच्या चालकांस माझी नम्र शिफारस आहे, की ही मुदत सहाऐवजी बारा तासांची करावी, आणि साधेल तर ती बदलानंतर नव्हे, बदलापूर्वी लागू करावी.